गुळगुळीत गुडघा

या घराण्यात सांगितलेलं सगळे ऐकतात, मान डोलावतात आणि मग प्रत्येक जण तो नियम दुसऱ्यांसाठी आहे असं धरून चालतो. याचे दाखले पुष्कळ देता येतील. पण त्या दुपारी हॉस्पिटलच्या खोलीत जे झालं, त्यापुढे आधीचं सगळं किरकोळ म्हणावं लागेल.

सिस्टर गुलाबी साबणाची बाटली घेऊन खोलीत शिरली. ही पलंगावरच्या उस्तादांची नात, त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी, आणि याच हॉस्पिटलात नर्स. ऑपरेशननंतर कोणाच्या जखमेत जंतू शिरण्याचा धोका आहे ते आधीच ओळखायचं आणि त्यांना शिरू द्यायचं नाही, हे तिच्या विभागाचं काम. नोकरी लागली तेव्हा घरात थट्टेने सिस्टर म्हणायला लागले आणि ते असं चिकटलं की आता सख्खा बापही तिला सिस्टरच म्हणत असे.

"चला आजोबा, उठा. उद्या सकाळी गुडघा बदलायचा. या साबणाने आज शेवटची अंघोळ."

"अगं, काही जिभेला हाड!" आई, म्हणजे उस्तादांची बायको, संत्रं सोलता सोलता ओरडली. "शेवटची काय? ऑपरेशनच्या आधीची म्हण!"

"आधीची, आधीची," सिस्टर हसत म्हणाली आणि तिने उस्तादांच्या पायावरची चादर बाजूला केली.

उजवा पाय लखलखत होता. घोट्यापासून मांडीपर्यंत औषधालासुद्धा केस नव्हता. शेजारी डावा पाय नेहमीसारखा झिपऱ्या पसरून पडलेला, त्यामुळे उजवा जास्तच डोळ्यांत भरत होता. सिस्टरचं हसू तोंडावरच राहिलं.

"हे कोणी केलं?"

उस्ताद छताकडे बघू लागले. आयुष्यभर त्यांनी गावातल्या निम्म्या हनुवट्या हाताळल्या होत्या. वस्तरा धरावा तर त्यांनीच, अशी ख्याती. म्हणून तर पोरंटोरं, गिऱ्हाइकं, शेजारीपाजारी, सगळेच त्यांना उस्ताद म्हणत. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला, खुर्चीमागे उभं राहवेना, आणि उस्ताद घरी बसले. नवा गुडघा बसला की पुन्हा सलूनमध्ये उभा राहणार, हे ते येईल त्याला सांगत आणि न विचारणाऱ्यालाही सांगत.

थोरला दाराशी उभा होता. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. धाकटा खिडकीशी होता. तो दाराबाहेर बघू लागला. धाकट्याने बापाचं सलून सोडून समोरच, रस्त्यापलीकडे, स्वतःचं काचेच्या दारांचं सलून टाकलं, तेव्हापासून दोघांचा अबोला. काही बोलायचं असलंच तर आईमार्फत. "आई, त्याला सांग, माझी छत्री परत कर." त्याला म्हणजे समोर बसलेल्याला.

"कोणी केलं म्हणते मी?"

थोरल्याला आतून गुदगुल्या होत होत्या. काम नंबर एक झालं होतं हे त्याला माहीत होतं. सकाळी आई खाली औषधं आणायला गेली तेव्हा त्याने उस्तादांचा पाय मांडीवर घेतला, साबणाचा फेस केला आणि असा हात फिरवला की बापाच्या डोळ्यांत पाणी आलं. वस्तरा लावू नका, असं सिस्टरने सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, हे त्यालाही आठवत होतं. पण ते साध्या माणसांसाठी. घरात बसून कसल्यातरी ब्लेडने पाय खरवडणाऱ्यांसाठी. उस्तादांच्या मुलाला कसलं आलंय वस्तरा लावू नका! सुताराला कोणी करवत लावू नको म्हणतं का? हात तर बघा म्हणावं. ही पोरगी अजून जवळून बघेल आणि विचारेल, बाबा, हे तुम्हीच ना, असं वाटून त्याने कॉलर नीट केली.

धाकट्याचाही हिशेब असाच होता, फक्त वेळ वेगळी. दुपारी तो आला तेव्हा उस्तादांचा डोळा लागला होता आणि पायाचे केस आधीच काढलेले होते. त्याने बोट फिरवून पाहिलं आणि नाक मुरडलं. हॉस्पिटलच्या कोणा शिकाऊ माणसाचं काम दिसतंय, नुसता सुलटा हात मारलाय. उस्तादांचा पाय आणि असा ऑपरेशनला जाणार? चार डॉक्टर बघतील! मग त्याने उलटा हात मारून, म्हणजे केसांच्या उलट्या दिशेने, सगळा पाय पुन्हा केला. मध्ये उस्ताद जागे झाले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "कर, कर." बऱ्याच दिवसांत तो हात डोक्यावर आला नव्हता.

"आजोबा, तुम्ही तरी सांगा! तुम्हाला मी किती वेळा सांगितलं होतं?"

"रोज सांगत होतीस," उस्ताद म्हणाले. "सगळं ऐकलं मी तुझं. सिगारेट सोडली. गोड सोडलं. गुडघ्याचं ऑपरेशन आणि मलम नाकात, तेही पाच दिवस घातलं. हसतात लोक मला."

"नाकात जंतू सापडले होते तुमच्या! तेच पुढे हातावर येतात, मग जखमेवर."

"बरं, ते गेले. मग आता काय?"

सिस्टर खुर्चीत बसली. तिच्या डोक्यात गेल्या महिन्याभराची धावपळ फिरत होती. तिच्या विभागात रुग्णाचं वय, वजन, साखर, सवयी असं सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं की धोका कमी, मध्यम की जास्त ते कळायचं. उस्तादांचा धोका पहिल्यांदा आला तेव्हा सगळं घर भोवती जमलं होतं. उत्तर आलं, मध्यम. आई रागावली होती. "मध्यम? हे कधी कशात मध्यम नव्हते!" आत्याने, म्हणजे उस्तादांच्या मधल्या मुलीने, तिथेच सांगितलं की मध्यम चांगलं नाही. ती विमा विकत असे, त्यामुळे धोका या विषयात तिचा शब्द चाले. मग महिनाभर सिस्टरने आजोबांच्या मागे लागून लागून साखर खाली आणली, सिगारेटी लपवल्या, मलम घातलं, आणि परवा पुन्हा बघितलं तर कमी! आईने त्या आनंदात शेजाऱ्यांनाही फोन केले होते.

आणि आता हा गुळगुळीत पाय.

"आता काय ते सांगते," ती म्हणाली. "वस्तरा कितीही चांगला असो, कातडीला ओरखडे पडतात. दिसत नाहीत इतके बारीक. त्यात जंतू जाऊन बसतात. आज दुपारी गेले की उद्या सकाळपर्यंत त्यांनी संसार थाटलेला असतो. त्याच जागी उद्या डॉक्टर चाकू लावणार. आत धातूचा गुडघा बसवणार. धातूला रक्त नसतं आजोबा. एकदा का जंतू त्याच्यावर बसले की औषध तिथवर धड पोचतच नाही. मग पाय पुन्हा उघडायचा, बसवलेला गुडघा काढायचा, महिनोन् महिने अंथरुणात. काही जण पुन्हा उभेच राहत नाहीत."

थोरल्याने कॉलरवरचा हात खाली घेतला.

"मग परत मध्यम का गं?" पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या आत्याने हळूच विचारलं.

"आत्या, मला नाही माहीत. मी सर्जनबाईंना बोलावते."

सर्जनबाई म्हणजे बुटक्या, चटपटीत आणि भरभर चालणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी हात धुतले, पायाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडून शिट्टी निघाली.

"माझ्या नोकरीत असा पाय पाहिला नाही. काका, आरसा म्हणून वापरता येईल!"

"बघा!" थोरला आणि धाकटा एकदमच म्हणाले, आणि दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं.

"तू का बघा म्हणालास?" थोरल्याने विचारलं. अबोला सुटला तो असा, कोणाच्या लक्षातही न येता.

"कारण मी केलाय."

"तू? मी केलाय! सकाळी!"

"मी दुपारी केला. आधी कोणीतरी केलेला होता, पण..." धाकटा थांबला. आपल्या तोंडातून काय निघणार आहे ते त्याला आता दिसलं. पण तोंडाने ऐकलं नाही. "पण मला वाटलं कोणा शिकाऊ माणसाने केलाय."

"शिकाऊ!"

"सुलटाच हात मारला होतास ना तू!"

"अरे, पेशंट माणूस, कातडी नाजूक, म्हणून सुलटा मारला! तुझ्या त्या काचेच्या दुकानात कातडीचा विचार करतात का कोणी? तिथे फोटो काढतात गिऱ्हाइकाचे!"

"आई, त्याला सांग..."

"मी कोणाला काही सांगणार नाही," आईने संत्र्याची साल दोघांच्या दिशेने भिरकावली. "तोंडं आहेत ना दोघांना? आत्ताच तर उघडलीत!"

सर्जनबाई पाठ फिरवून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. सिस्टरनेही ओढणी तोंडात धरली. तिला राग आला होता, खरंच आला होता, पण बाप आणि काका आजोबांच्या पायावरून भांडताहेत हे बघून तो टिकेना.

"म्हणजे एकाच दिवसात दोनदा," सर्जनबाई डोळे पुसत म्हणाल्या. "बरं. आम्हाला केस काढायचेच असले ना, तर ऑपरेशनच्या थोडं आधी आम्ही मशीनने बारीक करतो. मुळापासून काढत नाही."

"मशीनने?" दोघा भावांचा आवाज एकच.

"मशीनने. कातडीला न लागता."

"शी!" थोरला म्हणाला.

"उस्तादांच्या पायाला मशीन," धाकटा म्हणाला. दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. इतकं एकमत त्यांच्यात धाकट्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच झालं असेल.

बाईंनी टॉर्च काढला आणि गंभीर झाल्या. "आता मला नीट बघू द्या. कातडी कुठे फाटलेली नसेल तर विचार करता येईल. पण गुडघ्याजवळ एक जरी कापलेलं सापडलं तर उद्याचं ऑपरेशन मी करणार नाही. त्यामुळे खरं सांगा. कोणाच्या हातून कुठे लागलंय?"

"छे!" थोरला.

"शक्यच नाही!" धाकटा.

बाईंचा टॉर्च मांडीवरून खाली सरकला, गुडघ्याच्या वाटीवरून फिरला आणि वाटीच्या खालच्या घडीत थांबला. तिथे एक बारीक लाल चीर होती. नखाएवढी. वर वाळलेल्या रक्ताचा एक ठिपका.

"ही कोणाची?"

थोरल्याने वाकून पाहिलं. आपला हात? त्याने सकाळचं सगळं आठवून पाहिलं. नाही. तो धाकट्याकडे वळला. "हा. उलटा हात मारायला गेला ना!"

"माझ्याकडून नाही झालं. तुझंच असेल."

"माझं कसं असेल? मी..."

बोलता बोलता थोरल्याला धाकट्याचा चेहरा दिसला. पांढराफटक. लहानपणी दुकानातला मोठा आरसा फुटला होता तेव्हाही तो असाच दिसत होता आणि तेव्हाही थोरल्यानेच दोष अंगावर घेतला होता. बापासमोर, बहिणीसमोर, पोरीसमोर, एका परक्या डॉक्टरसमोर याची लाज जाणार. आणि थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "माझीच असेल. सकाळी जरा हात सुटला होता माझा."

धाकटा त्याच्याकडे बघतच राहिला. "काय सांगतोस दादा? तुझा हात कधी सुटतो? बाई, चीर माझी आहे. मी उलट्या दिशेने गेलो होतो."

"तू गप बस. मी थोरला आहे. चीर माझी."

"थोरला असलास म्हणून सगळंच तुझं का? सलून तुझं, खुर्ची तुझी, आता चीरही तुझी?"

"घे! सलून घे, चीर मी ठेवतो!"

"वाटणीवरून भांडणारे पुष्कळ पाहिले," आत्या बाईंना म्हणाली, "पण जखमेवर हक्क सांगणारे हेच." आणि ती जी हसायला लागली ती पलंगाच्या कठड्याला धरून खालीच बसली. आई हसली. सिस्टरने ओढणी सोडून दिली. सर्जनबाईंच्या हातातला टॉर्च थरथरून त्याचा उजेड भिंतभर नाचला.

"खोटं बोलताहेत दोघंही," उस्ताद म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. तरी हसणं थांबलं.

"दोघांचंही काम चोख होतं. पण या वाटीखालच्या घडीत दोघांनीही थोडे केस सोडले. एकच जागा, दोघांनीही. शिकवलं मी ना दोघांना, म्हणून चूकही एकच." त्यांनी मान खाली घातली. "धाकटा गेला हात धुवायला. वस्तरा इथेच टेबलावर राहिला होता. म्हटलं, एवढं आपणच काढू. चीर माझी आहे."

"तुमची?" थोरल्याचा विश्वास बसेना. "तुमच्या हातून?"

उस्तादांनी उजवा हात चादरीखालून काढून पुढे धरला. बोटं थरथरत होती. त्यांनी मूठ वळली, तर मूठही थरथरत राहिली.

उस्तादांना वाटत होतं की आता सगळं संपलं. न बोलता गप्प बसलो असतो तर पोरांपैकी कोणीतरी चीर अंगावर घेतली असती आणि ही गोष्ट तशीच झाकून राहिली असती. पण झाकायची तरी कोणापासून? नातीने महिनाभर जीव टाकला होता. गुडघ्यात जंतू बसले असते तर तिने स्वतःला दोष दिला असता, नाहीतर बापाला, नाहीतर काकाला. आपल्याला कोणी दिला नसता. तेच त्यांना सहन झालं नसतं.

"गुडघा दुखतो हे खरंच आहे," ते म्हणाले. "पण मी दुकान सोडलं ते गुडघ्यामुळे नाही. एका गिऱ्हाइकाच्या गळ्यापाशी हात हलला. त्याला कळलंसुद्धा नाही. मी तिथेच वस्तरा ठेवला आणि गुडघा दुखतोय म्हणून घरी आलो."

"मला माहीत होतं," आई म्हणाली.

"तुला? कसं?"

"अहो, रोज अर्धा चहा बशीत सांडता. बशी मीच धुते ना!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गुडघ्याबद्दल इतकं छान बोलत होता," आई म्हणाली, "म्हटलं, बोलू द्यावं."

सिस्टर उठून आजोबांपाशी गेली. "आजोबा, हे लपवून उद्या ऑपरेशनला गेला असतात ना, तर मी तुम्हाला कधीच माफ केलं नसतं. सांगितलंत, आता मी तुमच्यावर खूष आहे. हाताचंही दाखवू डॉक्टरांना. त्यालाही औषधं असतात."

"उद्याचं रद्द," सर्जनबाईंनी टॉर्च खिशात टाकला. "चीर पूर्ण भरून येऊ दे, कातडी शांत होऊ दे. मग नवी तारीख देते. तोवर या पायाला साबण आणि पाणी, दुसरं काही लागता कामा नये. सिस्टर, यांच्यावर लक्ष ठेवायचं. काकांवर नाही, या दोघांवर."

बाई गेल्यावर उस्तादांनी चादर पुन्हा पायावर ओढली. मग म्हणाले, "मला एक सांगा. आता हे कशाला करायचं? हातात वस्तरा धरता येत नाही तर नुसता गुडघा घेऊन काय करू? खुर्चीमागे उभा राहून करू काय?"

"चुका काढा," थोरला म्हणाला. "आमच्या. त्यात तुमचा हात कोणी धरेल का?"

"माझ्याकडेही यायचं," धाकटा लगेच म्हणाला. "सकाळी याच्याकडे, दुपारी माझ्याकडे."

"मधला रस्ता कोण ओलांडणार?"

"त्यासाठीच गुडघा," आत्या म्हणाली.

उस्तादांना हसू फुटलं. पण पुरतं हसण्याआधी त्यांनी गालावरून हात फिरवला आणि दोघा मुलांकडे पाहिलं. स्वतःची दाढी त्यांनी जन्मात कोणाला करू दिली नव्हती. गेली दोन वर्षं ती वेडीवाकडीच होत होती आणि घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं.

"खुंट वाढलेत," ते म्हणाले. "कराल का?"

दोघं पुढे धावले. एकाने फेस केला, दुसऱ्याने टॉवेल पसरला.

"सिस्टर, चालेल ना?" थोरल्याने विचारलं.

"गाल चालेल. गुडघ्याजवळ जो जाईल त्याचा हात तोडीन."

"डावा गाल माझा."

"मग उजवा माझा. हनुवटी?"

"हनुवटी थोरल्याची असते."

"हे कुठे लिहिलंय?"

उस्तादांना दोघांनी धरून खुर्चीत बसवलं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते, नेहमी धरत तसे, थरथर दिसू नये म्हणून. थोरल्याने वस्तरा उघडला आणि हळूच म्हणाला, "हात सोडा, उस्ताद. आता आहोत ना आम्ही."

उस्तादांनी दांडे सोडले आणि हात मांडीवर मोकळे ठेवले. ते थरथरत होते आणि सगळ्यांना दिसत होते. आई आरामात संत्रं खात होती. डोक्यावर हनुवटीचं भांडण चांगलंच पेटलं होतं. उस्तादांच्या पोटात हसू दाटलं, फेसातून बाहेर आलं आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले.

"हसू नका, कापेल!" दोघं एकदमच ओरडले.

पण उस्तादांना हसू आवरेना.